मास्टर विनायक : विनोदी बोलपट आणि पैशाचे समाजदर्शन

मराठी बोलपटाचा इतिहास सांगताना मास्टर विनायक यांचे नाव सामान्यतः दोन निरनिराळ्या प्रकरणांत येते. एका प्रकरणात ते वि. स. खांडेकरांच्या ध्येयवादी कथांचे दिग्दर्शक असतात आणि 'छाया', 'ज्वाला', 'देवता', 'अमृत' ही नावे तेथे घेतली जातात. दुसऱ्या प्रकरणात ते आचार्य अत्रे यांच्या विनोदाचे पडद्यावरील वाहक ठरतात. तेथे 'धर्मवीर', 'ब्रह्मचारी', 'ब्रँडीची बाटली' यांची चर्चा होते. चि. वि. जोशी यांच्या कथांवरील दोन बोलपट या दोन्ही प्रकरणांच्या काठावर कोठे तरी एखाद्या वाक्यात उरकले जातात. ही विभागणी अध्यापनाला सोयीची आहे आणि मीही ती वर्गात अनेक वर्षे वापरली आहे. परंतु तिच्यामुळे एकाच माणसाच्या कामातील सलग सूत्र हातातून निसटते. ते सूत्र पैशाचे आहे. विनायकांच्या बोलपटांतील गंभीर आणि विनोदी अशा दोन्ही कथा पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नाशी येऊन ठेपतात : माणसाची समाजातील किंमत आणि त्याच्या खिशातील रक्कम यांचा संबंध काय? हा प्रश्न विनोदाच्या अंगाने मांडताना त्यांनी जे साधले ते त्यांच्या लेखकांच्या श्रेयात विरून गेले आहे. त्यांचे चरित्र त्या दृष्टीने पुन्हा वाचणे हा या लेखाचा हेतू आहे.

विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापूर येथे झाला. बाबूराव आणि भालजी पेंढारकर, तसेच व्ही. शांताराम यांच्याशी त्यांचे नात्याचे संबंध होते. बंधू वासुदेव कर्नाटकी पुढे छायालेखक म्हणून नावारूपाला आले. कोल्हापुरातील चित्रपटव्यवसाय हा त्या काळी बऱ्याच अंशी नातलगांचा आणि शेजाऱ्यांचा व्यवसाय होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. भांडवल थोडे, माणसे घरची आणि उत्साह अमर्याद, अशी त्याची घडण होती. विनायकांनी मात्र चित्रपटात येण्यापूर्वी शिक्षकी केली. 'मास्टर' ही उपाधी त्या काळी नाटक-सिनेमातील अनेकांच्या नावामागे लागत असे. परंतु विनायकांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती.

शिक्षकीचा हा तपशील चरित्रकार ओझरता सांगून पुढे जातात. मला तो महत्त्वाचा वाटतो. विनायकांनी ज्या तीन लेखकांच्या कथा प्रामुख्याने पडद्यावर आणल्या ते तिघेही शिक्षक होते. खांडेकर १९२० पासून शिरोड्याच्या शाळेत शिकवीत होते आणि १९३८ मध्ये कोल्हापूरला आले. अत्रे पुण्याच्या कँप भागातील शाळेचे मुख्याध्यापक होते. चि. वि. जोशी बडोद्याच्या महाविद्यालयात पालीचे अध्यापन करीत होते. हे चौघेही महिन्याच्या ठराविक तारखेला ठराविक रक्कम हातात पडण्याची वाट पाहणाऱ्या वर्गातले. श्रीमंती त्यांनी पाहिली ती संस्थेचा देणगीदार, संस्थानाचा अधिकारी किंवा मुलीला सांगून आलेल्या स्थळाचा बाप या रूपांत. त्यामुळे त्यांच्या लेखनातील धनिक क्वचितच एकटा उभा असतो. त्याच्यासमोर हात जोडून उभा असलेला एक पगारदार बहुधा असतोच. विनायकांच्या कॅमेऱ्याने हा दुसरा माणूस नेमका हेरला.

'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात विनायकांनी नारदाची भूमिका केली. राज्य, वैभव आणि शेवटी स्वतःचे कुटुंब विकण्याची पाळी आलेल्या हरिश्चंद्राच्या त्या कथेने मराठी बोलपटाचा आरंभ व्हावा हा योगायोगच म्हणावयाचा. परंतु पौराणिक कथेत संपत्तीचा त्याग हे सत्त्व सिद्ध करण्याचे साधन असते. हरिश्चंद्र ऋण फेडतो. व्याज मोजत नाही. सामाजिक बोलपटाला हे उदात्तीकरण परवडणारे नव्हते. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्यास गेली. विनायक कोल्हापूर सिनेटोनमध्ये राहिले आणि तेथे १९३५ साली मामा वरेरकरांच्या कथेवरून 'विलासी ईश्वर' हा त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट निघाला. दिग्दर्शनाच्या पहिल्याच पावलाला त्यांनी समकालीन नाटककाराचा हात धरला, ही गोष्ट त्यांच्या पुढील सर्व वाटचालीची निदर्शक आहे. साहित्यिकांकडे चित्रपटकथा मागण्यासाठी जाणारा दिग्दर्शक हे दृश्य मराठीत पुढे परिचयाचे झाले. ते रूढ करण्यात विनायकांचा वाटा मोठा आहे.

१९३६ मध्ये विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी 'हंस पिक्चर्स' स्थापन केली. खांडेकरांच्या कथेवरील 'छाया' हा तिचा पहिला चित्रपट. दारिद्र्य आणि त्यातून चिकटणारा सामाजिक कलंक हा त्याचा विषय होता आणि त्याचे सुशिक्षित प्रेक्षकांनी स्वागत केले. खांडेकरांच्या जगात पैसा हा नैतिक प्रश्न असतो. ज्याच्याजवळ तो आहे तो बहुधा अपराधी, ज्याच्याजवळ नाही तो बहुधा पवित्र. ही मांडणी कादंबरीत भाषेच्या बळावर पेलली जाते. पडद्यावर ती लवकर एकसुरी होते. विनायकांना याची जाणीव कितपत होती हे त्यांच्या पुढच्याच निवडीवरून दिसते. 'छाया'नंतर ते अत्र्यांकडे वळले.

'धर्मवीर' (१९३७) हा अत्र्यांचा बोलपट हेन्रिक इब्सेनच्या 'समाजाचे आधारस्तंभ' या १८७७ च्या नाटकावर आधारलेला आहे. इब्सेनचा नायक जहाजांच्या व्यवसायातील धनाढ्य आणि गावाचा पुढारी आहे. त्याची सारी प्रतिष्ठा एका जुन्या लबाडीवर आणि दुसऱ्याच्या माथी मारलेल्या आरोपावर उभी असते. मराठी रंगभूमीवर त्या दशकात इब्सेनचा आणि एकूणच नॉर्वेच्या नाटकाचा प्रभाव वाढत होता. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने ब्यर्नसनच्या नाटकावरून 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले ते याच वातावरणात. परंतु अत्रे आणि विनायक यांनी केलेला बदल शीर्षकातच दिसतो. नॉर्वेतील व्यापाऱ्याला प्रतिष्ठेसाठी उद्योग आणि नागरी पुढारीपण पुरते. महाराष्ट्रातील धनिकाला धर्म लागतो. पैसा येथे उघडपणे मिरविता येत नाही. तो दानाच्या, उत्सवाच्या आणि संस्कृतिरक्षणाच्या वस्त्रांत गुंडाळून पुढे करावा लागतो. मूळ नाटकात जी कबुली गंभीर आहे तिच्याकडे जाणारी वाट येथे हास्याची झाली, कारण ढोंगाचा आकार मोठा होता आणि प्रेक्षकाला तो घरच्यासारखा ओळखीचा होता.

याच काळात जगभर बोलपट पैशाला हसत होता. फ्रान्समध्ये रेने क्लेअरने 'ल मिलियाँ' (१९३१) मध्ये हरवलेल्या लॉटरीच्या तिकिटामागे सारे गाव पळविले. चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स' (१९३१) मधील लक्षाधीश दारूच्या नशेत भटक्याला मित्र म्हणून कवटाळतो आणि शुद्धीवर येताच त्याला ओळखही देत नाही. फ्रँक काप्राच्या 'मिस्टर डीड्स' (१९३६) मध्ये खेड्यातील साध्या माणसाला अचानक प्रचंड वारसा मिळतो. जागतिक मंदीच्या वर्षांतील या चित्रपटांत पैसा आकाशातून पडतो. विनोद त्या पडण्यातून जन्मतो. विनायकांच्या बोलपटांत असे घबाड हा हास्याचा गाभा नाही. तेथे पगार असतो, वर्गणी असते, लग्नातले देणेघेणे असते. घबाडाऐवजी काटकसर, आणि अपेक्षाभंगाऐवजी लाज, ही त्या हास्याची सामग्री आहे. मराठी मध्यमवर्गाला पैसा नसल्याचे दुःख असते त्याहून तो नाही हे दिसून येण्याची धास्ती अधिक असते. या धास्तीचे विनोदी रूप विनायकांनी पडद्यावर प्रथम सातत्याने दाखविले, असे मला वाटते.

१९३८ हे वर्ष या चरित्राचा सांधा आहे. खांडेकरांची 'ज्वाला' ही राज्यलोभाने पेटलेल्या सेनापतीची कथा. तिच्यामागे शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'ची सावली स्पष्ट दिसते. प्रमुख भूमिकेसाठी 'प्रभात'च्या चित्रपटांतून गाजलेल्या चंद्रमोहन यांना आणण्यात आले आणि चित्रपटावर मोठा खर्च झाला. तो चालला नाही. लोभावरील भव्य शोकात्मिका काढताना कंपनी आर्थिक संकटात यावी, आणि त्याच वर्षी 'ब्रह्मचारी'सारख्या हलक्याफुलक्या बोलपटाने तिला पुन्हा उभे करावे, यातील उपरोध विनायकांच्या नजरेतून सुटला नसावा. 'ब्रह्मचारी'तील औदुंबराची भूमिका त्यांनी स्वतः केली. व्याख्यान ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेणारा आणि मीनाक्षी शिरोडकरांच्या किशोरीसमोर ती विसरणारा हा तरुण मराठी प्रेक्षकाने डोक्यावर घेतला. पोहण्याच्या पोशाखातील नायिकेच्या दृश्याची चर्चा इतकी झाली की चित्रपटाचा खरा विषय झाकला गेला. औदुंबराजवळ पैसा, पद, कर्तृत्व यांपैकी काही नाही. म्हणून तो ध्येय मिळवितो. ध्येय हे निर्धनाचे भांडवल असते आणि तेही उसनवारीने आणलेले असते, हे या बोलपटाचे मर्म आहे. खांडेकरांच्या नायकांना मनोभावे पडद्यावर उभे करणाऱ्या दिग्दर्शकानेच ध्येयवादाचे हे विडंबन करावे, यात विरोध पाहण्याचे कारण नाही. दोन्ही बाजू त्यांना आतून ठाऊक होत्या.

'ब्रँडीची बाटली' (१९३९) या सूत्राला आणखी खाली, थेट कारकुनाच्या टेबलापाशी आणते. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी लागू झाली आणि त्या वर्षी या विषयाचे औचित्य वेगळे सांगावे लागले नाही. नगरपालिकेतील भोळा, भित्रा कारकून बगाराम एका बाटलीच्या शोधात निघतो, एवढीच ही कथा. अत्रे स्वतः त्या काळात पुणे नगरपालिकेच्या राजकारणात होते. तेथील टेबले, फायली आणि साहेबांचे चेहरे त्यांनी रोज पाहिले होते. बगारामाचे काम दामूअण्णा मालवणकरांनी केले. दामूअण्णा 'बलवंत संगीत मंडळी'च्या रंगभूमीवर घडलेले नट. त्यांचे तिरळे डोळे हा केवळ हशा मिळविण्याचा आधार नव्हता. एक डोळा समोरच्या साहेबावर आणि दुसरा दाराकडे, अशी जी स्थिती नोकरीतील माणसाची कायम असते तिचे ते जणू शारीर चिन्ह होते. विनायकांनी या नटाला मोठ्या भूमिका दिल्या. देखण्या नायकाभोवती फिरणाऱ्या व्यवसायात हा निर्णय धाडसाचा होता.

हंसचे बोलपट बहुधा मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत निघत. यामागे भाषाप्रेम कमी आणि हिशेब अधिक होता. मराठी प्रेक्षकाच्या तिकिटांवर खर्च भरून निघणे कठीण होते. हिंदी आवृत्तीचा विचार करताना स्थानिक विनोद किती ठेवावयाचा हा प्रश्न दर वेळी उभा राहत असणार. मराठी विनोदी बोलपटाच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी या दुहेरी आवृत्त्यांकडे लक्ष द्यावे, असे जाता जाता सुचवावेसे वाटते.

१९४० साली हंसचा टप्पा मागे पडला आणि पुण्यात 'नवयुग चित्रपट लिमिटेड' सुरू झाली. 'लिमिटेड' या शब्दाचे महत्त्व कमी लेखू नये. नातलग आणि मित्र यांच्या भागीदारीतून चाललेला व्यवसाय आता भागधारकांच्या, संचालकांच्या आणि ताळेबंदाच्या अधीन झाला. विनायकांसारख्या स्वभावाच्या माणसाला ही व्यवस्था मानवणारी नव्हती. पण त्यांच्या विनोदाची दोन पक्व उदाहरणे याच छत्राखाली निर्माण झाली. दोन्हींचे लेखक चि. वि. जोशी.

'लग्न पहावे करून' (१९४०) मध्ये दामूअण्णा चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी साकारलेली जोडी ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना हे मूळ पडद्यावरील रूप बहुधा माहीत नसते. चि. विं.चा विनोद अत्र्यांच्या विनोदाहून जातीने वेगळा आहे. अत्रे ढोंगाचा फुगा फोडतात, चि. वि. फुगा फुगविण्यासाठी चाललेली घरातील धडपड दाखवितात. लग्न जमविणे ही त्यांच्या लेखी घराघरातील अर्थव्यवहाराची परमावधी आहे. मुलीचे रूप, मुलाची नोकरी, पत्रिका, मानपान यांचे दर ठरलेले असतात आणि ते मोठ्याने उच्चारावयाचे नसतात. येथे हावरा माणूस दुष्ट नाही. तो आपल्यासारखाच आहे, फक्त आज तो वरपक्षात बसला आहे. उद्या त्याच्या मुलीच्या लग्नात तोच हात जोडणार आहे. हे फिरते नाते खांडेकरांच्या जगात बसले नसते आणि अत्र्यांच्या प्रहारात ते टिकले नसते. पालीचे पंडित असलेल्या, जातककथा मराठीत आणणाऱ्या या लेखकाला तृष्णेचे शास्त्र ठाऊक होते. पण त्यांनी ते उपदेशासाठी वापरले नाही. विनायकांनीही दिग्दर्शनात तो मोह टाळला.

'सरकारी पाहुणे' (१९४२) संस्थानी थाटाची टवाळी करतो. बडोद्यासारख्या संस्थानात आयुष्य घालविलेल्या लेखकाच्या आणि कोल्हापूर संस्थानात वाढलेल्या दिग्दर्शकाच्या हाती हा विषय आला, तेव्हा संस्थानांचे अस्तित्व संपण्यास केवळ काही वर्षे उरली होती. फुकटच्या पाहुणचाराची हाव आणि पाहुणचार करणाऱ्यांचा पोकळ डामडौल यांची येथे गाठ पडते. या दोन विनोदी बोलपटांच्या मध्ये खांडेकरांचा 'अमृत' (१९४१) येतो. कोकणातील खेड्याच्या पार्श्वभूमीवर धनलोभ आणि व्यसन यांची ती गंभीर कथा आहे, आणि तीत लोभाला चेहरा देणारे बाबूराव पेंढारकर लक्षात राहतात. तीन वर्षांत एकाच दिग्दर्शकाने एकच विषय तीन प्रकारे हाताळला. आरंभी उल्लेखिलेली प्रकरणांची विभागणी येथे निरुपयोगी ठरते. (बाबूरावांच्या न्यू हंसतर्फे विश्राम बेडेकरांनी दिग्दर्शित केलेला 'पैसा बोलतो आहे' हा १९४३ चा बोलपटही याच परंपरेत ठेवावा लागेल, त्याच्या शीर्षकाने तर सूत्रच उघड केले.)

नवयुगशी विनायकांचे जमले नाही. १९४३ मध्ये त्यांनी 'प्रफुल्ल पिक्चर्स' ही स्वतःची संस्था काढली आणि ते पुन्हा कोल्हापुरास गेले. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे निधन झाले होते. त्यांच्या थोरल्या कन्येला, लता मंगेशकर यांना, विनायकांनी आधार दिला आणि प्रफुल्लमध्ये मासिक पगारावर घेतले. ज्या 'बलवंत'च्या रंगभूमीवरून दामूअण्णा आले त्याच नाटक मंडळीच्या मालकाचे कुटुंब आता पगाराच्या आधाराने उभे राहत होते. संगीत नाटकाच्या वैभवाचा आणि त्याच्या उतरणीचा हिशेब मांडणाऱ्यांनी हा प्रसंग नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

प्रफुल्लची वर्षे युद्धाची वर्षे होती. कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले, चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांवर बांधली गेली आणि निर्मात्यांकडून युद्धप्रयत्नांना पोषक चित्रपटांची अपेक्षा होऊ लागली. 'गजाभाऊ' (१९४४) आणि नूरजहाँ यांची प्रमुख भूमिका असलेला 'बडी माँ' (१९४५) या परिस्थितीत निघाले. 'माझे बाळ' आणि 'चिमुकला संसार' (दोन्ही १९४३) यांत पूर्वीचे विनायक दिसतात; नंतरच्या हिंदी चित्रपटांत ते कमी कमी होत जातात. याचे कारण केवळ प्रतिभेच्या ओहोटीत शोधणे अन्यायाचे होईल. युद्धकाळातील नफेखोरीचा पैसा याच सुमारास चित्रपटव्यवसायात शिरला. हिशेबात न दाखविता येणारी रक्कम नटनट्यांच्या मानधनात गुंतू लागली, भाव वाढले आणि पगारी कलावंतांवर चालणाऱ्या संस्था एकामागून एक मोडल्या. १९५१ च्या चित्रपट चौकशी समितीच्या अहवालाने ही प्रक्रिया पुढे नोंदविली. ज्या लोभाला विनायक सात-आठ वर्षे पडद्यावर हसत होते तो आता स्टुडिओच्या दारातून आत आला होता, आणि त्याच्यावर बोलपट काढण्याइतकी फुरसत कोणाला उरली नव्हती. प्रफुल्ल कोल्हापूरहून मुंबईस हलली. 'सुभद्रा' आणि 'जीवनयात्रा' १९४६ मध्ये आले.

१९ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाल्यानंतर चौथ्या दिवशी, विनायकांचे मुंबईत निधन झाले. वय एकेचाळीस. चित्रपटसंस्थांचा संस्थापक म्हणून त्यांनी मिळविलेले नाव मोठे होते. मागे राहिलेल्या कुटुंबाच्या वाट्याला आर्थिक ओढाताण आली. हाती असलेला 'मंदिर' अपुरा होता. दिनकर द. पाटील यांनी तो पूर्ण केला आणि १९४८ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्यात बालभूमिकेत विनायकांची कन्या नंदा होती. तिच्या दीर्घ चित्रपटजीवनाचा आरंभ तेथून झाला.